सक्शनची नळी

"हे काय लिहून ठेवलंयस?" विभागप्रमुखांनी हर्षलाचं लॉगबुक टेबलावर आपटलं.

मेंदूचे सर्जन होऊ घातलेल्यांनी त्यात आपण केलेली ऑपरेशनं नोंदवायची, तरच परीक्षेला बसता येई. सगळे बिनदिक्कत 'स्वतः केलं' असं ठोकून देत. हर्षलानं मात्र पानोपानी एकच लिहिलं होतं, 'रक्त ओढणारी सक्शनची नळी धरली.'

"तीन वर्षं दुसरं काही करूच दिलं नाहीत, सर."

"अगं, लिहायची एक पद्धत असते! यावर मी सही करणार नाही."

"नका करू. पण उद्या माझ्यासमोर पेशंट असेल, तेव्हा त्याची कवटी काय या वहीनं उघडू?"

सरांनी वही तिच्याकडे परत ढकलली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरात त्यांनी सवयीनं कवटीला भोक पाडायच्या ड्रिलसाठी हात पुढे केला. हर्षलानं त्या हातात सक्शनची नळी ठेवली आणि ड्रिल स्वतः उचललं. सिस्टर जागच्या जागी थिजल्या. सरांनी नळी मुठीत नीट धरली.

"सावकाश," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी तिनं लॉगबुक त्यांच्यापुढे सरकवलं. शेवटची ओळ ताजी होती. 'कवटी उघडली, स्वतः. नळी धरली, सरांनी.'

"आता करा सही."