कणकण

हल्ली श्राद्धाचं पान वाढून झालं की लोक प्रयोगशाळेत येतात. गेलेल्या माणसाच्या जनुकावरून बनवलेलं, रक्तातला तापाचा सांगावा पकडणारं प्रथिन तिथं काचपट्टीवर जपून ठेवलेलं असतं.

रघुवीरनं आईच्या पट्टीवर आपल्या रक्ताचा थेंब सोडला. पडद्यावरची रेघ सरसर चढली.

"अंगात कणकण आहे का?" तिथल्या तंत्रज्ञ शाल्मलीनं विचारलं.

"सकाळपासून आहे. घरात कुणाला बोललो नाही." त्याचे डोळे भरून आले. "आईला मात्र कळलं बघा, मॅडम!"

कुणाच्याही पट्टीवर ही रेघ अशीच चढली असती, हे शाल्मलीला ठाऊक होतं. तरी तिनं रेघ वाचत असल्यासारखी पडद्यावर नजर फिरवली.

"त्या म्हणतायत," ती म्हणाली, "दगदग पुरे. गरम पेज घे आणि पड जरा."