ज्याची सायकल थांबेल

भोजराजच्या सायकलचा डावा पायडल दांड्यासकट निखळून रस्त्यावर पडला, तेव्हा तो सुनीतीला बसनं परत जायला समजावत होता.

चढाचा रस्ता होता. सायकल मंडळाची बाकीची पोरं पुढं पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, कठड्यावर जाऊन बसली होती. सुनीती एकटीच मागं पडली, म्हणून पुढारी या नात्यानं भोजराज माघारी आला होता आणि तिच्या बाजूनं सायकल चालवत, मोठ्या भावाच्या मायेनं तिचं कौतुक करत होता. इथवर आलीस हेच खूप झालं. कटंगीकडून बालाघाटची बस आता येईलच. सायकल टपावर टाकून देऊ. कंडक्टर ओळखीचा आहे.

"तू राहू दे आता, बाई," तो म्हणाला, त्यानं पायडलवर जोर दिला आणि कट्‌कन आवाज झाला.

"तू राहू दे" हे सुनीतीनं जन्मभर ऐकलं होतं. लहानपणी पोलिओनं डावा पाय वाळला, तेव्हापासून पाणी भरायला राहू दे, वरातीत नाचायला राहू दे, कॉलेजच्या सहलीला तर राहूच दे. सायकल मात्र ती कुणाला न विचारता शिकली. उजवा पाय जुन्या ट्यूबच्या पट्टीनं पायडलला बांधायचा. त्यानंच दाबायचं, त्यानंच वर ओढायचं. डावा पाय आपला फ्रेमला जोडून घेतलेल्या खुंटीवर पाहुण्यासारखा बसून.

पहाटे बालाघाटहून निघताना भोजराजनं नियम सांगितला होता. तिरोडीची मँगनीजची खाण पाहून अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं. ज्याची सायकल थांबेल त्यानं बसनं परत जायचं, बाकीच्यांनी खोळंबायचं नाही. नियम सगळ्यांसाठी होता आणि सगळे सुनीतीकडे बघत होते.

"मी मागं राह्यली, भाऊ. थांबली नाही," ती आता म्हणाली. पण भोजराजचं लक्ष हातातल्या दांड्याकडे होतं.

त्यानं सायकल ढकलत पुलियापर्यंत आणली. दांडा धरून ठेवणारी पिन तुटली होती. अर्धी सापडली, अर्धी कडेच्या लाखोळीच्या शेतात कुठं गेली कोण जाणे. चैतराम हा मंडळातला मिस्तरी, म्हणजे घरचा रेडिओ उघडून पुन्हा न लावलेला. त्यानं पिनेच्या जागी आधी खिळा ठोकला. खिळा वाकला. मग बाभळीची पाचर ठोकली. भोजराज ऐटीत बसला, चार हात गेला आणि पाचरीचा भुगा झाला. दुरुस्तीचं दुकान होतं ते पार मागं, वारासिवनीला.

नियम कुणी विसरलं नव्हतं, पण बोलायचं कुणी? सुनीतीला तर तो फार गोड आठवला. खोटं कशाला बोला, भोजराज बसच्या खिडकीतून हात हलवतोय असं चित्रसुद्धा तिनं मनात रंगवून घेतलं.

भोजराजनं कपाळ पुसलं. "चला, सगळेच परत जाऊ," तो म्हणाला. "पुढाऱ्याविना टूर काहाचा?"

आणि पोरं उठलीसुद्धा. कुणी कॅरिअरच्या पिशव्या सोडायला लागलं, कुणी बस कुठवर आली ते बघायला रस्त्यात उभं राहिलं. तिरोडी काय पळून जाते, पुन्हा केव्हा येऊ, असंही एक जण म्हणाला. सुनीतीच्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यासाठी कुणी घडीभर थांबणार नव्हतं आणि याच्यासाठी अख्खी वरात परतणार होती. तिरोडी पळून जाणार नव्हती, खरं आहे. पण पुढच्या वेळी हे लोक तिला घेऊन येणार होते थोडेच?

बस आली. कंडक्टर दारातून वाकला. "कितनी सायकलें चढ़ानी हैं?"

"एक भी नहीं," सुनीती म्हणाली.

कंडक्टरनं भोजराजकडे पाहिलं. भोजराज तोंड उघडेपर्यंत घंटी वाजली आणि बस धूळ उडवत गेलीसुद्धा.

"काहून नाही म्हटलं तू?" भोजराज चिडला. "आता मी काय उडत येऊ?"

सुनीतीनं खाली बसून आपल्या पायडलची रबरी पट्टी सोडली आणि त्याच्या सायकलच्या उजव्या पायडलला आवळून बांधली. निखळलेला दांडा त्याच्याच कॅरिअरला अडकवला. गळ्यातली ओढणी काढून सायकलच्या मधल्या नळीला तिचा झोळ केला. मग ती पुलियाच्या कठड्यावर चढली आणि तिथून, चैतरामनं धरून ठेवलेल्या त्या उंच जेन्ट्‌स सायकलवर बसली. उजवा पाय पट्टीत, डावा झोळात.

"सोड," ती चैतरामला म्हणाली.

सायकल एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे. कुणीतरी धरायला धावलं, तशी ती त्याच्यावर खेकसली. मग दाब, ओढ, दाब, ओढ, आणि सायकल सुतासारखी सरळ झाली. जन्मात एवढं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. पुढं जाऊन तिनं भर रस्त्यात एक मोठा फेरा घेतला आणि पोरांच्या अंगावरून परत आली.

भोजराज तिच्या लेडीज सायकलपाशी उभा होता. त्यानं हँडल धरलं होतं, पण बसायचा धीर होत नव्हता. सुनीती त्याच्या बाजूनं न थांबता गेली.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. "डावा पायडल मात्र जपून मारजा. घेतल्यापासून त्याले कोणी पाय नाही लावला."