अ‍ॅव्हरेज

काकूंना प्रवासासाठी ऐसपैस व्हॅन हवी होती आणि काकांचं एकच पालुपद, "छोटीच घेऊ. अ‍ॅव्हरेज चांगलं देते."

शेवटी शोरूममध्ये काकांना व्हॅनच्या स्टिअरिंगपुढे बसवून काकू अगदी मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"अहो, इथे पाय पसरता येतात!"

"हो हो," काका समोर बघत म्हणाले.

"परत जाताना चहा घ्यायचा की कॉफी?"

"हो हो."

काकू पुढे येऊन काकांच्या शेजारी बसल्या आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "छोटीच घेऊ. पेट्रोल वाचेल."

काकांचा चेहरा खुलला.

"पण काकू, तिच्यात खांद्याला खांदा लागतो हं," दाराशी उभा असलेला सेल्समन म्हणाला.

"लागू दे."