गव्हाच्या दाण्याएवढा फरक

जड झुब्यांनी फाटलेल्या कानाच्या पाळ्या कुसाबाईने हौसेने शिवून घेतल्या. डॉक्टरांनी नवी भोकंही पाडून दिली, पण डावं जरा वरच पडलं. तिचा नवरा रंगनाथ जन्मभर फुलांची तोरणं बांधत आलेला; वाकडं काही त्याला खपायचं नाही. रोज संध्याकाळी काम उरकलं की तो तिला ओट्यावर बसवायचा, दोन्ही कुड्यांखाली हाराचा दोरा आडवा धरायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचा.

"डावी गव्हाच्या दाण्याएवढी वर हाय," हा निकाल ठरलेला. तीस वर्षांच्या संसारात इतक्या जवळून त्याने फक्त झेंडूवरची कीड पाहिली होती.

शेवटी इंदिरानगरच्या दवाखान्यात जाऊन तिने डावी पाळी पुन्हा शिवून घेतली. जखम भरल्यावर डॉक्टरांनी नवं भोक पाडलं, कुड्या घातल्या आणि आरसा पुढे केला. दोन्ही अगदी एका रेषेत होत्या.

"आता काही तक्रार?" त्यांनी विचारलं.

"नाय," कुसाबाई म्हणाली. पण घर येईपर्यंत बसमध्ये ती डावी कुडी चाचपत राहिली.

संध्याकाळी रंगनाथ सवयीने दोरा घेऊन आला. त्याने तो कुड्यांखाली धरला, तशी कुसाबाईने मान हळूच उजवीकडे कलती केली.

रंगनाथने एक डोळा मिटला. आधी दोऱ्याकडे पाहिलं, मग तिच्या कलत्या मानेकडे.

"अजून दाण्याएवढी वर हाय," तो म्हणाला. "उद्या परत बघू."