एदेल्मिराचा पत्रा

आमच्या चिलोए बेटावर होडीला प्रेयसीचं नाव द्यायची रीत आहे, आणि ती नावं रंगवते मी. पत्र्यात जाडजूड अक्षरं कापायची, पत्रा होडीवर दाबून धरायचा आणि वरून रंग मारायचा. नाव भर धुक्यातसुद्धा लांबून वाचता येतं.

एक दिवस नोल्बेर्तो आला. "एर्मिंदा मावशी, होडीवरच्या एदेल्मिरावर रंग फासा आणि तिथे रोसाल्बा लिहा. लग्न ठरलंय माझं!"

"आणि एदेल्मिराचा पत्रा?"

"द्या भंगारात!"

मी तो खिळ्याला टांगून ठेवला. या पुरुषांचा काय भरवसा!

लग्न दणक्यात झालं. अख्ख्या गावाने भाजलेल्या कोकरावर ताव मारला. पुढच्याच महिन्यात एदेल्मिरा दारात हजर.

"मावशी, माझा पत्रा आहे ना अजून? घ्या आणि चला. होडी घेतलीय मी."

"आणि स्वतःचंच नाव देणार?"

"मग काय, दुसऱ्या कुणाची वाट बघत बसू?"

किनाऱ्यावर ती थेट नोल्बेर्तोच्या होडीपाशी जाऊन थांबली.

"अगं, ही तर त्याची!"

"होती. लग्नात हात फारच सैल सोडला त्याने, मग विकावी लागली."

मी रोसाल्बा खरवडलं, तशी खालून जुनी अक्षरं डोकावली. पत्रा त्यांच्यावर चपखल बसला. रंग मारता मारता मला मात्र त्या पोराची कीव आली.

"होडी गेली. आता पोट कसं भरणार गं तो?"

"त्याची काळजी सोडा, मावशी. उद्यापासून येतोय याच होडीवर, माझी जाळी ओढायला."