पाठीवरचे आकडे

रंग निघत नव्हता. रेणूने घासलेटात बुडवलेली चिंधी कोकराच्या पाठीवर पुन्हा दाबून घासली. कोकरू बें करत तिच्या मांडीवरून निसटायला बघत होतं. लोकरीवरचा लाल V जरा फिका झाला, पसरला, पण दिसायचा तो दिसतच राहिला. दाराला लावून उरलेला ऑइल पेंट होता तो. पावसापाण्याला न हटणारा रंग चिंधीला काय ऐकणार!

"घास, घास," चुलीपाशी बसलेली तिची आजी चांगुणाबाई म्हणाली. "गेलेली काय घासून परत येणार हाईत?"

रेणू यंदा पाचवीत गेली होती. शाळा उघडली तशी नागसेन गुरुजींनी गणितात रोमन आकडे घेतले, काड्यापेटीतल्या काड्या मांडून. उभी काडी म्हणजे एक. दोन काड्या खाली टेकवल्या की पाच. फुली मारली की दहा. "धाकटा आकडा थोरल्याच्या आधी बसला, की थोरल्यातून तेवढे जातात," असं म्हणून त्यांनी चार मांडून दाखवला. रेणूच्या अक्षराला वळण नव्हतं, त्यावरून ती रोज बोलणी खायची. पण या रेघा तिला पहिल्या दिवशीच जमल्या. "बघा रे, रेणूचे आकडे बघा," गुरुजी सगळ्या वर्गाला म्हणाले.

त्याच आनंदात तिने घरी येऊन पऱ्हाटीची काडी रंगात बुडवली, कळपातली सगळ्यांत गुबगुबीत कोकरं निवडली आणि त्यांच्या पाठीवर I पासून V पर्यंत आकडे काढले.

संध्याकाळी तिचे आजोबा, धुळाजी आबा, मेंढवाड्याशी आले. कोकरं बघून ते खांद्यावरचं घोंगडं उतरवायचंही विसरले.

"पोरी, मेंढरं मोजीत न्हाईत," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्यात न्हाई मोजीत."

रेणूला ते माहीत होतं. आबा एकेका मेंढीला तोंडावरून ओळखायचे. एखादी मागे राहिली तर तिचं नाव घेऊन सांगायचे, पण आकडा कधी तोंडातून काढायचे नाहीत. मोजलेला कळप घटतो, असं त्यांच्या बापाने त्यांना सांगून ठेवलं होतं. रेणूला वाटलं होतं, आपण कुठं मोजतोय? आपण तर नुसतं लिहितोय.

पुढच्याच आठवड्यात III गेलं. रात्री आईला लुचून निजलेलं पोर सकाळी मान मागे टाकून ताठ पडलं होतं. मग I गेलं. मग एका सकाळी II आणि IV, दोन्ही एकदमच.

चांगुणाबाई तोंडाला येईल ते बोलत होती. ते सोसवत होतं. आबा काहीच बोलत नव्हते, ते सोसवत नव्हतं. ते खड्डे खणत होते, माती लोटत होते, आणि जेवताना ताटावरून नजर वर उचलत नव्हते. रेणूला सारखा गुरुजींचा चार आठवे. आधी एक बसला, की मागच्यातले जातात. तो एक तिनेच बसवला होता. आज ती शाळेत गेली नव्हती. पुन्हा कधी जाणारही नव्हती.

V अजून जित्तं होतं. तिने चिंधी परत घासलेटात बुडवली.

बांधावर स्कूटी थांबली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी कोकरांचे डोळे बघितले, पोटं चाचपली.

"आंत्रविषार आहे, बाबा. कोवळं गवत हावरेपणानं खाल्लं की होतो. जी पिल्लं गुटगुटीत, तीच आधी जातात."

"औषिद?"

"एकदा झाल्यावर काही चालत नाही. बाकीच्यांना लस टोचू, तेवढी वाचतील. किती आहेत?"

आबा खाली बघत म्हणाले, "हाईत की."

"किती?"

"बिरोबाच्या किरपेनं हाईत."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "मे महिन्यातही हेच म्हणालात. आकडा सांगा, तेवढी लस मागवते, म्हटलं. तुम्ही चहा पाजलात आणि वाटेला लावलंत. पलीकडच्या बद्रीनाथनं आकडा दिला, लस टोचून घेतली. त्याचं एकही पिल्लू गेलं नाही यंदा."

चुलीवरचं पाणी उतू गेलं तरी चांगुणाबाई उठली नाही.

"ही शाळेत जाते ना? हिला तरी मोजू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रेणूने लाल झालेले हात पाठीमागे नेले. "म्या न्हाई मोजत," ती म्हणाली. "कधीच न्हाई मोजत."

आबांनी मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग ते पडवीत गेले. रंगाचा डबा आणि पऱ्हाटीची काडी घेऊन आले, आणि कळपाच्या पुढं चालणारी थोरली मेंढी त्यांनी दोन्ही गुडघ्यांत धरली.

"अवं, काय करून राह्यलात!" चांगुणाबाई ओरडली.

आबांनी काडी रंगात बुडवली. रंगाचे थेंब धोतरावर पडले. मेंढीच्या पाठीवर त्यांनी एक उभी रेघ ओढली. ती वाकडी गेली.

"रेणे," ते म्हणाले, "हे एक झालं. दोन कसं लिवत्यात, दाव मला."