बिनतक्रार गाडी

डोंगरवाटा तुडवण्यासाठी थोरल्याने ब्रिटिश गाडी घेतली होती, तर धाकट्याने जपानी. "काय दादा, तुझी ब्रिटिश मड्डम पुन्हा रुसून बंद पडली वाटतं? तिच्या एका पंपाच्या पैशात माझ्या गाडीचे तीन येतील. आणि माझी बंद पडतच नाही!" असे धाकटा हिणवी, आणि थोरला नुसता हसे.

परंतु आयुष्यभर मेकॅनिकी केलेले त्यांचे वडील दर रविवारी अवजारांची पेटी घेऊन थोरल्याकडेच जात. उघड्या बॉनेटवर वाकलेली ती दोन मस्तके आणि मडगार्डवर निवत चाललेले चहाचे दोन कप दिसले, की धाकट्याच्या अंगाचा तिळपापड होई. त्याच्या निर्दोष गाडीला वडिलांचा हात कधी लागलाच नव्हता.

अखेर एका रविवारी, वडील थोरल्याकडे निघण्यापूर्वीच, त्याने बॅटरीची वायर स्वतःच्या हाताने सैल केली आणि फोन लावला. "बाबा, माझीही बंद पडली हो!"

वडील लगबगीने आले. बॉनेट उघडून त्यांनी क्षणभर आत पाहिले आणि वायरीला हात न लावताच पेटी शांतपणे खाली ठेवली.

 

"चहा टाक," ते म्हणाले. "दादाचीही दर रविवारी हीच वायर सुटते."